डेल्मरची फुकटची पावडर

माझा मेहुणा डेल्मर अख्ख्या विस्कॉन्सिनातला चिक्कू. हरणाच्या शिकारीत वारा बघायची विकतची पावडर त्यानं मला फुकट दिली, तेव्हाच मला खटकलं.

"दाजी, लहान पोरासारख्या रुईच्या म्हाताऱ्या काय उडवता?" तो म्हणाला. तोवर वारा बघायला मी रुईच्या बोंडातल्या कापसाळ म्हाताऱ्याच सोडायचो.

महिनाभर मचाणावरून पावडर उडवली. ती वारा टेकडीकडे, म्हणजे हरणांच्या वाटेपासून लांब, दाखवून दोन हातांवर विरायची. हरणं मात्र माझ्याकडे न फिरकता डेल्मरच्या बाजूला जायची.

आज गुपचूप म्हातारी सोडली. ती टेकडीपर्यंत गेली, वळली आणि थेट घळीत उतरली, हरणांच्या वाटेवरच. म्हणजे माझा वास त्यांना रोज आधीच लागत होता.

तसाच उतरून डेल्मरच्या मचाणाखाली गेलो. तिथं रुईच्या फोडलेल्या बोंडांचा खच पडला होता.