धाकट्याचा माइक

“पुन्हा म्हण ना काका, पुन्हा एकदा!” हसून हसून मुलीने मेजावर डोकं टेकवलं. काकाने डोंगरातल्या बोलीतलं ते वाक्य पुन्हा म्हटलं. मुलीने त्याच बोलीत अडखळत काहीतरी उत्तर दिलं आणि दोघांची पुन्हा हसून पुरेवाट झाली.

माइकमास्तर चहाचा कप हातात धरून नुसते बसले होते. आपल्याच घरात, आपल्याच मेजाशी आपली मुलगी आणि आपला सख्खा भाऊ कशाला हसताहेत हे त्यांना कळत नव्हतं. विचारावं तर कसं? स्वतःच्या मातृभाषेचा अर्थ पोटच्या पोरीला विचारायचा?

“अहो, चहा गार झाला,” बायको म्हणाली.

“होऊ दे.”

“बाबा, काका मला शिव्या शिकवतोय,” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “पण काय गोड शिव्या आहेत! तुम्हाला येत असतील ना?”

“मला कामाला उशीर होतोय,” असं म्हणून मास्तर उठले.

मास्तर संसदेच्या सभागृहात माइक सांभाळत. वर, प्रेक्षकांच्या सज्जाशेजारी, काचेची एक छोटी खोली होती. त्या खोलीत बसून ते खालच्या प्रत्येक सभासदाचा माइक चालू-बंद करत. किती सरकारं आली नि गेली, पण मास्तरांचं बोट लागल्याशिवाय त्या सभागृहात कुणाचा आवाज फुटला नव्हता. त्या खोलीत सभासदांना टोपणनावंही पडली होती. विरोधी पक्षाचे पुढारी होते ‘भोंगा’, कारण त्यांचा आवाज कितीही कमी ठेवला तरी काच थरथरायची. मंत्री होते ‘कुजबुजे’, कारण त्यांचा आवाज कितीही वाढवला तरी ते स्वतःशीच बोलताहेत असं वाटायचं.

वर्षानुवर्षं नाही नाही म्हणत सरकारने अखेर मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला मान्यता दिली होती. आज त्यावर चर्चा होती. चर्चेआधी डोंगरातल्या लोकांच्या वतीने एकाने दोन शब्द बोलायचे होते, आणि तो मान मिळाला होता मास्तरांच्या धाकट्या भावाला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो, दुकानात त्याची चर्चा. कालपर्यंत मास्तरांना नुसती मान हलवणारा शेजारी आज सकाळी हात जोडून म्हणाला, “तुम्ही त्यांचे भाऊ? बोलला नाहीत कधी!”

मास्तर बोलले नव्हते, कारण बोलायला लागले असते तर पोटातलं सगळंच बाहेर आलं असतं.

ते लहान असताना सरकारी गाडी डोंगरावर आली होती. घरटी एक मूल खाली मैदानातल्या निवासी शाळेत पाठवा, असा हुकूम होता. आईने थोरल्याला दिलं. धाकटा तेव्हा तिच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. शाळेत पहिल्याच दिवशी थोरल्याने आपल्या बोलीत पाणी मागितलं आणि हातावर छडी खाल्ली. मग रोजच. शेवटी ती बोली अशी गेली की स्वप्नातसुद्धा फिरकेना. त्या बदल्यात त्यांना विजेचं काम आलं, शहर आलं, नोकरी आली. लोक म्हणायचे, थोरल्याचं सोनं झालं, धाकटा मागे राहिला. इतकी वर्षं मास्तरांनी तेवढ्याच एका वाक्यावर दिवस काढले होते.

आणि आता हे काय उफराटं झालं होतं! ज्या बोलीपायी त्यांच्या तळहातावर वळ उठले, तीच बोली बोलण्यासाठी सरकार धाकट्याला गाडी पाठवत होतं. आईची मांडी त्याला, आईची गाणी त्याला, शेवटचं पाणी पाजण्याचं भाग्य त्याला. आता टाळ्याही त्यालाच. आणि उरलीसुरली एक मुलगी, तीही त्याच्याच भाषेत हसत होती.

सभागृह खच्चून भरलं होतं. मास्तरांच्या शेजारी नेहमीप्रमाणे ध्वनिमुद्रण करणारी बसली होती. खोलीत तिला सगळे रेकॉर्डवाली म्हणत. “मास्तर, आज तुमच्या घरचं कार्य!” ती म्हणाली. “पेढे कुठंयत?”

“आधी होऊ तर दे.”

पहिल्यांदा भोंग्यांनी हरकत घेतली. “हा जाहीरनामा नव्हे, देशाचे तुकडे करायची करवत आहे! उद्या हे लोक म्हणतील, धरण आमचं, खाण आमची, या सभागृहाखालचा खडकसुद्धा आमचा! अहो, मग आम्ही काय आभाळातून पडलो?”

मास्तरांनी आवाज कमी केला. मनात मात्र कुठेतरी बरं वाटलं. कुणीतरी धाकट्याच्या कौतुकात खडा टाकला होता.

मग कुजबुजे उठले. हा ऐतिहासिक क्षण असून तो आपल्याच सरकारच्या नशिबी आला, हे त्यांनी चार प्रकारे सांगितलं. शेवटी घसा खाकरत एवढंच जोडलं, की जाहीरनामा ‘मार्गदर्शक’ आहे, कायद्याने बंधनकारक नाही.

“म्हणजे लग्नाला होकार आणि नांदायला नकार!” मागच्या बाकावरून एक सभासद बाई ओरडल्या. सभागृह हसलं. रेकॉर्डवालीही हसली.

मग धाकटा उठला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या माइकपाशी आला. अंगात इस्त्री केलेला साधाच सदरा. ती इस्त्री मास्तरांच्या मुलीने केली होती, तेही सकाळी मास्तरांनी पाहिलं होतं. मास्तरांनी बटण दाबलं. धाकट्यापुढचा हिरवा दिवा लागला.

त्याने बोलीत सुरुवात केली. मास्तरांना शब्द कळेना, पण चाल कळली. वाक्याच्या शेवटी आवाज असा वर नेऊन सोडून द्यायचा, ती आईची पद्धत होती. हुबेहूब. खाली माणसं डोळे मिटून ऐकत होती. प्रेक्षकांच्या सज्जात मुलगी कठड्यावर वाकून बसली होती. बापाच्या ओळखीने तिला पास मिळाला होता, पण तिची एकदाही काचेकडे नजर गेली नव्हती.

मग धाकटा सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलू लागला. “हा कागद आम्हाला काही नवीन देत नाही. जे आमच्याकडून काढून घेतलं, त्याची नुसती कबुली देतो. काय काढून घेतलं, ते मी माझ्या आईचं उदाहरण देऊन सांगतो. माझी आई रोज संध्याकाळी…”

माझी आई.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा विझला.

खाली धाकट्याचे ओठ हलत राहिले. पुढच्या दोन रांगांना कदाचित ऐकू गेलं असेल, बाकी कुणाला नाही. मग एकच गिल्ला उठला.

“आवाज दाबला! विरोधकांनी आवाज दाबला!”

“आम्ही हातसुद्धा लावला नाही!” भोंगे माइकशिवायही सगळ्यांना ऐकू येत होते. “सरकारचीच नाटकं आहेत ही!”

“मास्तर, लाइन गेली का?” रेकॉर्डवाली घाबरून म्हणाली.

“बघतो,” म्हणत मास्तर मेजाखाली वाकले आणि जिथे काहीच बिघडलं नव्हतं तिथल्या तारा हाताळत राहिले. कामकाज तहकूब झाल्याची घंटा वाजली तेव्हाच ते वर आले.

संध्याकाळपर्यंत धाकटा सकाळी होता त्याच्या दसपट मोठा झाला. प्रत्येक वाहिनीवर त्याचे ते मुके हलणारे ओठ दाखवत होते. भाषण पुरं झालं असतं तर लोक दोन दिवसांत विसरले असते. आता ते कुणी विसरणार नव्हतं. मास्तर दूरदर्शनसमोर बसून आपल्या बोटाची करामत पाहत होते. पाय ओढायला गेलो आणि खांद्यावर घेऊन नाचलो, असं त्यांना झालं.

जेवणाआधी धाकटा गच्चीवर आला. मास्तर कठड्यापाशी उभे होते.

“दादा, काचेतून तू दिसत होतास,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काही नाही. घरात वायर बिघडल्याचं कारण सांगितलंय मी.”

“तुझे उपकार नकोत मला.” मास्तर गर्रकन वळले. “माझी आई म्हणालास. आमची म्हणायला जीभ झडली असती तुझी?”

धाकटा कठड्याला टेकला. मग म्हणाला, “पुढं तूच होतास. आई रोज संध्याकाळी कड्यावर उभी राहून मैदानाकडं तोंड करून तुला हाक मारायची. ऐकू जाणार नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. मी बाजूलाच उभा असायचो, तिचं लक्षसुद्धा नसायचं. तू सुट्टीला आलास की तुझे शाळेचे बूट घराच्या मधोमध ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून. एकदा मी ते दरीत फेकून दिले.”

“ते तू फेकलेस?”

“मग काय कोल्ह्यानं नेले?”

मास्तरांना हसू येता येता राहिलं.

“शेवटी तापात तिला काही उमगत नव्हतं,” धाकटा म्हणाला. “उशाशी मी होतो, दादा. पाणी मी पाजलं. आणि ती मला तुझ्या नावानं हाक मारत होती. मी ओ देत होतो. काय करणार?”

हे ऐकून मास्तरांच्या पोटातला निखारा विझायला हवा होता. पण तो विझला नाही. त्यांच्या मनात आलं, आईने आयुष्यभर आपल्याला हाका मारल्या, त्यासुद्धा यानेच ऐकल्या. आपल्या वाट्याला त्यातली एकही आली नाही.

“चल, जेवायला बोलावताहेत,” ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाऊल टाकलं, तर काचेच्या खोलीत रेकॉर्डवाली नव्हती. तिचा नवरा भोंग्यांच्या पक्षाचं काम करायचा. सरकार पक्षाला कट हवाच होता, तो आयता सापडला. तिला निलंबित केल्याची बातमी मास्तरांना शिपायाने सांगितली. सांगताना तो म्हणाला, “बाई रडत गेल्या, मास्तर. म्हणत होत्या, मास्तरांना विचारा, मी हात लावला नाही.”

मास्तर तडक सभागृहाच्या सचिवबाईंच्या खोलीत गेले.

“मॅडम, बिघाड नव्हता आणि कटही नव्हता. माइक मी बंद केला.”

सचिवबाईंनी चष्मा काढला. “चुकून?”

“नाही. मुद्दाम.”

“मास्तर, शुद्धीवर आहात का? निवृत्ती तोंडावर आलीय तुमची. कुणी सांगितलं होतं बंद करायला? कुठल्या पक्षानं?”

“कुणीच नाही. तो माझा भाऊ आहे. मला त्याचं बघवलं नाही.”

सचिवबाईंनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. असलं कारण लिहायची सोय कुठल्याच अहवालात नव्हती. शेवटी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “बाईंना परत बोलावते. तुम्ही घरी जा. चौकशी होईल ती होईल.”

सभागृहात बातमी पसरायला भिंती आड येत नाहीत. मास्तर जिन्यापर्यंत पोचले नाहीत तोच भोंग्यांनी त्यांना गाठलं. बरोबर दोन कार्यकर्ते होते. भोंग्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“शाब्बास! याला म्हणतात छाती! घरच्याच माणसाला हा जाहीरनामा मान्य नाही, हे देशाला कळलं पाहिजे. उद्या आमच्या मंचावर या. तुम्हीही त्याच डोंगरातले, त्याच आईचे. शिकलात, मोठे झालात, कुणाकडं हक्क मागत बसला नाहीत. हेच बोला. आयुष्यभर दुसऱ्यांना माइक दिलात, आता आम्ही तुम्हाला देतो!”

मास्तर जिन्याचा कठडा धरून थांबले. कारण क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना तो मंच दिसला. लोक दिसले, कॅमेरे दिसले, आणि घरी दूरदर्शनसमोर बसून आपलं बोलणं ऐकणारा धाकटा दिसला. तोंडाला पाणी सुटावं तसं झालं त्यांना.

“साहेब,” ते म्हणाले, “मला त्याचा हेवा वाटतो. काल वाटला, आत्ताही वाटतोय. पण तो बोलला त्यातलं काही खोटं नव्हतं. मला जे शिकवलं, ते छडीनं शिकवलं. हे बोललं तर चालेल का तुमच्या मंचावर?”

भोंग्यांचा हात खांद्यावरून आपोआप खाली आला.

दुपारी मास्तर धाकट्याला पोचवायला बसस्थानकावर गेले. मुलगी कॉलेजला गेली होती. सकाळी मास्तर सभागृहातून परतले तेव्हा ती निघतच होती, पण तिने बापाकडे पाहिलं नव्हतं. तोवर त्यांच्या कबुलीची बातमी घरापर्यंत पोचली होती. स्थानकावर पाचसहा तरुण धाकट्याबरोबर फोटो काढून घेत होते. मास्तर बॅग घेऊन बाजूला थांबले. त्यांना अजूनही ते बघवत नव्हतं. पण या वेळी ते तिथून हलले नाहीत.

बस लागली. मास्तरांनी वर चढून बॅग फळीवर सरकवली आणि दम लागला म्हणून धाकट्याशेजारी टेकले. पाटीवर त्यांच्या डोंगराखालच्या फाट्याचं नाव होतं.

“चल ना, दादा,” धाकटा म्हणाला. “आता कामावर कुठं जायचंय तुला? कड्यावर घर आहे. शेजारची म्हातारी अजून तुझी चौकशी करते.”

ती म्हातारी काय म्हणेल हे कळायला दर वाक्याला धाकट्याच्या तोंडाकडे बघावं लागेल, हे मास्तरांच्या मनात आलं. तरी ते उठले नाहीत. बस भरत आली. चालकाने इंजिन सुरू केलं आणि बाक थरथरू लागला.

कंडक्टर जवळ आला. “तुमचं कुठलं, काका?”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग धाकट्याकडे. आणि हाताने पुढचा दांडा धरून उठले.

“माझं नको. मी पोचवायला आलोय.”

बस गेली. ती उभी होती त्या रिकाम्या जागेत मास्तर उभे राहिले होते. मागून येणाऱ्या बसने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा ते बाजूला झाले.