बगळ्यांच्या बर्फावरचं धुकं

आमच्या हॉकी संघाचा व्यवस्थापक डेल्मर टटल, त्याला त्या रविवारी काय काय मिळणार होतं, ते मी आधीच मोजून ठेवलं होतं. हॉकीचा संघ पोर्ट कॅरोलमध्येच राहिला तर त्याला आणखी तीन वर्षांचा करार, नवी गाडी, विकल्या जाणाऱ्या दर खुर्चीमागे दोन टक्के, आणि महापौरांच्या शेजारी बसून कोळंबी सोलायचा मान. संघ गेला तर मेहुण्याच्या दुकानात परत गाद्या विकणं. गाद्या मात्र तो छान विकायचा. गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या पेंग आणायची कला त्याच्या जिभेत होतीच.

मी विल्डा ब्रूसार्ड. संघ खेळतो त्या सभागृहाच्या तिकीट खिडकीत अकरा वर्षं बसते. गाव मला मिस विल्डा म्हणतं, आणि कोण पैसे देऊन आत जातं आणि कोण ओळख दाखवून, हे मला चेहऱ्यावरून कळतं. आमच्या संघाचं नाव हेरॉन्स, म्हणजे बगळे. टेक्सासच्या खाडीकाठी, जिथे जानेवारीतही डास चावतात, तिथे बर्फावरची हॉकी खेळणारा धंदेवाईक संघ. उत्तरेत बसलेल्या लीगच्या मंडळींना एकच शंका होती: जी माणसं बर्फ फक्त पेल्यात बघतात, ती हॉकीचा संघ पोसतील का?

शंका रास्त होती. दर सामन्याला तिसऱ्या भागात निवेदक भोंग्यावरून सांगायचा, "आजची उपस्थिती, चार हजार आठशे बारा!" समोर दोन हजारही नसायचे. ते दोन हजार रिकाम्या खुर्च्यांकडे बघत टाळ्या वाजवायचे. यात कुणाला खोटं वाटायचं नाही. आमच्या धंद्यात छापलेलं तिकीट म्हणजेच माणूस. पण एप्रिलच्या मध्याला, मोसमातल्या शेवटच्या घरच्या सामन्याला, लीगकडून हॅलडेनबाई येणार होत्या आणि त्या तिकिटं मोजत नाहीत, डोकी मोजतात, असं ऐकू आलं होतं. पाच हजार डोकी दिसली तर संघ राहणार, नाहीतर पुढच्या मोसमात उत्तरेत.

खऱ्या पैशांची तिकिटं खपली होती अकराशे. उरलेली डोकी कुठून आणायची हा हिशेब डेल्मरने माझ्याच टेबलावर मांडला, तेव्हा आर्विड लिंडक्विस्टही तिथे होता.

आर्विड आमचा बर्फवाला. मिनेसोटाचा माणूस, एकतीस वर्षं बर्फच बसवत आलेला. त्याच्या बायकोला, वर्नाला, तिकडे दर हिवाळ्यात छातीमुळे इस्पितळात न्यावं लागायचं. इथे आल्यापासून सहा हिवाळे तिने इस्पितळ पाहिलं नव्हतं. जी दमट हवा आम्ही शिव्या देत गिळायचो, ती तिला मानवली. संघ उत्तरेत गेला तर आर्विडला तिकडे काम होतं, वर्नाला हवा नव्हती. आणि इथेच राहायचं तर खेळायच्या बर्फाचं काम दुसरीकडे कुठेच नव्हतं. त्यामुळे संघ राहावा असं गावात कुणाला मनापासून वाटत असेल तर ते आर्विडला.

"बारा हजार फुकट तिकिटं वाटतोय," डेल्मर म्हणाला. "मासळीच्या पिशवीत, चर्चमध्ये, टायरच्या दुकानात."

"मिस्टर टटल, माणूस म्हणजे घाम आणि वाफ," आर्विड म्हणाला. "खुर्च्या सहा हजार दोनशे."

"अरे बाबा, फुकट तिकिटावर तिघांतला एक येतो. विचार विल्डाला."

आर्विडने माझ्याकडे पाहिलं. "तिघांतला एकच," मी म्हटलं. अकरा वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

"मग माझी दारं?"

"तुझी दारं तुझ्या नियमाने. देवाची शपथ घेऊ का?"

"देवाला राहू द्या. तुम्ही त्यालाही फुकट तिकीट दिलं असेल."

डेल्मर मोठ्याने हसला. आर्विडचा नियम गावात सगळ्यांना पाठ होता. पुढे दारांच्या दोन रांगा. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, एका वेळी चाळीस माणसं. मागचं मोठं दार, जिथे मालट्रक लागतात, ते बर्फ उघडा असताना अजिबात उघडायचं नाही. त्याची किल्ली तिकीट खिडकीत, म्हणजे माझ्याकडे.

रविवारी पारा चौतिसावर आणि हवा अशी, की वाळत घातलेला टॉवेल आणखी ओला व्हावा. सामना तीनला. अकराच्या सुमाराला वीज केंद्रात काहीतरी उडालं आणि गावाची वीज गेली. सभागृहाची लाइन वेगळी, ती तेवढी वाचली. पंखे, फ्रीज, एसी, सगळं बंद. गावात गार म्हणून एकच जागा उरली, आणि तिथली तिकिटं घराघरांत फ्रीजवर चिकटवलेली होती.

दीड वाजता गाडीतळ भरला. दोन वाजता रांग हमरस्त्यावर गेली. पाळण्यातली पोरं, चाकांच्या खुर्चीतले म्हातारे, उशा, कलिंगडं. एका बाईने तर कुत्रा आणला होता. चाळीस-चाळीस करून एवढी माणसं संध्याकाळपर्यंत आत गेली नसती. एक आजी उन्हात खाली बसली ती उठेना. मागून लोक ओरडायला लागले.

डेल्मर घामाने निथळत खिडकीशी आला. "हॅलडेनबाईंची गाडी पुलावर आलीय. बाहेर दंगल दिसली आणि आत रिकाम्या खुर्च्या, तर मेलो. मागचं दार उघड."

"आर्विडला विचारते."

"तो नाही म्हणेल. म्हणून तर तुला सांगतोय, राणी."

त्या आजीमुळे उघडलं असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. आजी होतीच. पण किल्ली फिरवताना माझ्या डोक्यात आजी नव्हती, संघ गेला तर बंद होणारी माझी खिडकी होती.

दार उघडं राहिलं वीस मिनिटं. आर्विड तेव्हा यंत्रावर बसून बर्फावर शेवटचं पाणी फिरवत होता. तो वळला आणि त्याला तो उजेडाचा चौकोन दिसला. माणसं आत येत होती आणि त्यांच्या डोक्यावरून आख्खी खाडी आत येत होती. तो ओरडत धावत आला, पण तोवर खुर्च्या भरल्या होत्या.

पहिला भाग कसाबसा झाला. दुसऱ्या भागात बर्फावर धुक्याचा दुधासारखा थर जमला. आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. गोलरक्षक हातवारे करून सांगायला लागला, की चकती आपल्या पुढे आहे की मागे तेच कळत नाही. पंचांनी खेळ थांबवला. दोन्ही संघांचे खेळाडू हातात चादरी घेऊन गोल गोल फिरू लागले, धुकं उडवायला. प्रेक्षकांनी छप्पर दणाणून टाकलं. त्यांनी हॉकी कधी पाहिलीच नव्हती.

शेजारच्या गल्लीतली ओपल गिड्री मला म्हणाली, "मिस विल्डा, हा धुराचा कार्यक्रम दर रविवारी असतो का गं? पोरांना फार आवडला."

पन्नास मिनिटांनी सामना रद्द झाला. तरी एकही माणूस उठला नाही. बाहेर अजून वीज नव्हती.

हॅलडेनबाई खाली यायच्या आधी डेल्मरने आर्विडला यंत्राच्या खोलीत गाठलं. मी दारात होते.

"दाराचं बोललास तर दार का उघडलं ते निघेल," तो म्हणाला. "मग बारा हजार तिकिटं निघतील, वीज निघेल. गाव हॉकीला नाही, गारव्याला आलं हे तिला कळलं की संघ गेला. वर्नाला घेऊन कुठे जायचं ठरवलंयस?"

"मग काय सांगू?"

"बर्फ गोठवणाऱ्या कॉम्प्रेसरचा काटा लावताना चुकला म्हण. माणसाकडून होतं. महिनाभर बोलणी खाशील, नोकरी कुठे जात नाही. माझा शब्द."

आर्विडने हातमोजे काढून खिशात घातले. "मिस विल्डा, दार किती वेळ उघडं होतं?"

"वीस मिनिटं." त्या दिवशी मी खरं बोलले ते एवढंच.

"आणि मला हाक मारायला किती वेळ लागला असता?"

तेवढ्यात हॅलडेनबाई आल्या. हातात मोजणीचं छोटं यंत्र, त्यावर आकडा सहा हजार एकशे आठ. बाई खूश होत्या आणि गोंधळलेल्या होत्या. मागच्या दारापाशी फरशी ओली होती, तिथे त्या थांबल्या.

"हे दार उघडलं होतं?"

डेल्मर छताकडे बघायला लागला.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे, मॅडम."

"उघडलं होतंत?"

"नाही."

आर्विडने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काटा माझ्याकडून चुकला, मॅडम."

बाईंनी लिहून घेतलं. "मिस्टर लिंडक्विस्ट, तुमच्याबद्दल मी वेगळं ऐकलं होतं."

"मीही," आर्विड म्हणाला.

मे महिन्यात पत्र आलं. पोर्ट कॅरोलने हॉकीवरचं प्रेम सिद्ध केलं आहे, भर उन्हात, सामना रद्द झाल्यावरही कोणी जागा सोडली नाही, सबब संघ तीन वर्षं इथेच राहील. अट एकच: बर्फ लीगच्या माणसाच्या हातचा. डेल्मरने आर्विडला बोलावून सांगितलं, "माझे हात बांधलेत रे." आणि निरोप म्हणून त्याला बगळ्याचं चित्र विणलेलं लोकरी जाकीट दिलं. टेक्सासमध्ये, मे महिन्यात.

आर्विड गाव सोडून गेला नाही, वर्नामुळे जाऊ शकत नव्हता. आता तो धक्क्यावर कोळंबीच्या पेट्यांत फावड्याने बर्फ भरतो. पगार निम्मा. हात पाण्यात राहून पांढरे पडलेत.

ऑक्टोबरात नव्या मोसमाचा पहिला सामना होता. गावात वीज होती, संध्याकाळ बऱ्यापैकी गार होती. सहा वाजता आर्विड माझ्या खिडकीशी आला आणि अठरा डॉलर ठेवले.

"आर्विड, फुकटची गड्डी पडलीय इथे. घेऊन जा."

"नको, मिस विल्डा. मागच्या दाराजवळची खुर्ची द्या."

दिली. संपूर्ण सामना तो बर्फाकडे पाठ करून त्या दाराकडे बघत बसला होता, असं मला दारवान म्हणाला.

तिसऱ्या भागात निवेदकाने सांगितलं, पाच हजार चार. माझ्या मोजणीत आत आलेली माणसं एक हजार आठशे ब्याऐंशी, त्यांतली रोखीची सातशे एकोणीस. डेल्मरला गाडी मिळाली. गावाला संघ मिळाला, वर्नाला तिची हवा, मला माझी खिडकी. या सगळ्याचे पैसे आर्विडने भरले, वर आणखी अठरा डॉलर.