घडीतला चिरा

आधी पोशाख ठरतो, मग त्याच्या मापाने बाई कापतात. हे कोलंबियातल्या आमच्या बारांकिया शहरातच होऊ शकतं, आणि झालं तेव्हा मी मापाची टेप गळ्यात घालून तिथेच उभी होते.

दर कार्निवलला आमची वस्ती एक राणी निवडते. ती फुलांच्या गाडीवर उभी राहून दिवसभर नाचते आणि तिचा पोशाख मी शिवते. सव्वीस वर्षं शिवतेय. यंदाची राणी युरानिस. बावीस वर्षांची, मासळी बाजारात बर्फ फोडणाऱ्या बाईची मुलगी. ती नाचायला लागली की माणसं तोंडातला घास चावायला विसरतात. पण वस्ती समितीचा अध्यक्ष एफ्राइन, खिळे-पत्र्यांचा दुकानदार, म्हणाला, "नाचते झकास, पण पुढून पाटी कोरी." पलीकडच्या वस्तीच्या राणीने गेल्या वर्षी छाती वाढवून घेतली होती, मग आपली मागे कशी राहील. समितीने ऑपरेशनची भेट जाहीर केली. युरानिसला विचारलं नाही, एकदम अभिनंदनच केलं. सगळी वस्ती टाळ्या वाजवतेय म्हटल्यावर पोर काय बोलणार? हसली.

सप्टेंबरात मला दवाखान्यातून निरोप आला, पोशाखाचं चित्र घेऊन या. मला वाटलं, पोर घाबरली असेल, सोबत हवी असेल. कसलं काय. डॉक्टर विलाल्बाने माझं चित्र टेबलावर पसरलं. युरानिस कागदी झगा छातीशी मुठीत धरून उभी. एफ्राइन खुर्चीत बसून अंड्याचा आरेपा, अंडं भरून तळलेली मक्याची पुरी, खात होता, तळणीचं तेल मनगटावरून ओघळत होतं. त्याला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

"चिरा द्यायला तीन जागा आहेत," डॉक्टर म्हणाला. "काख, स्तनाखालची घडी, नाहीतर स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाची कड. सिलिकॉनची पिशवी कुठूनही आत जाते. बोला, कुठे लपेल?"

हे तो एफ्राइनला आणि मला विचारत होता.

"काख नको," एफ्राइन म्हणाला. "राणीचे हात दिवसभर वर. पेपरवाल्यांनी काय काखेतले टाके छापायचे?"

"मग वर्तुळाची कड. वण रंगात मिसळून जातो. पुढे अंगावर पाजताना अडचण येऊ शकते, कधी बधिरपणा राहतो."

"पाजायचं पाजायच्या वेळी बघू. कार्निवल फेब्रुवारीत आहे."

दोघं हसले. आरेप्याचा एक कण माझ्या चित्रावर पडला.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिच्या कानामागे बघा."

आमच्याकडे मुलगी जन्मली की आठवड्यात कान टोचतात. युरानिसचं एक भोक बाधलं आणि तिथे वालाच्या दाण्याएवढा मांसाचा गोळा वाढला. तिला नाचाला सजवताना मी दर वेळी त्याच्यावर फूल खोचते. "हिचा वण भरत नाही, वाढत जातो. आईचाही तसाच. सिझेरियनचा वण दोरखंडासारखा आहे तिचा."

डॉक्टर खुर्चीतून उठलाही नाही. "कान वेगळा, छाती वेगळी, मावशी. तुम्ही कापडाचं सांगा. चिरा घडीत घेतला तर पोशाखाच्या छातीखालच्या पट्टीने झाकेल?"

आणि मी उत्तर दिलं. सव्वीस वर्षांची खोड. झाकेल का विचारलं, की माझ्या तोंडून झाकेलच निघतं.

"चार बोटांची पट्टी आहे," मी म्हटलं. "झाकेल."

"मग घडीच बरी," एफ्राइन म्हणाला.

डॉक्टरने पेन घेतलं आणि तिच्या अंगावर रेघ ओढली, मी खडूने कापडावर ओढते तशी. कापड शहारत नाही. ती शहारली.

"गार आहे पेन," एवढंच म्हणाली. मग तिच्यापुढे कागद सरकवला. ती सही करत होती तेव्हा एफ्राइन बोटं चाटत होता.

ऑपरेशनला चार महिने झाल्यावर, जानेवारीत, युरानिस पोशाख घालून बघायला माझ्याकडे आली. पट्टी आवळली तशी कळवळली. मी पट्टी सोडवली आणि स्तनांखाली बघितलं. दोन्हीकडे करंगळीएवढे जाड वण, जांभळे, चकचकीत, अंगात गांडुळं शिरून बसावीत तसे.

"आग होते, मावशी. खाज सुटते. कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरला फोन केला तर म्हणतो, कार्निवल झाल्यावर ये, इंजेक्शनं देऊ."

मी मऊ सुती अस्तर लावलं, पट्टी परत बांधली. तेवढ्यात एफ्राइन आला. दारातूनच टाळी वाजवली.

"वा. आहे का कुठे काही दिसत? मी म्हटलं होतं ना, घडीच बरी."

युरानिसने पट्टीची कड दोन बोटं वर उचलली. "बघा काका. तुम्हीच निवडलेली जागा आहे."

त्याने पाहिलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "झाक, झाक बाई. आत्ताच जेवून आलोय." खिशातून रुमाल काढून त्याने तोंडावर धरला. बाजारातली सडकी मासळी मी नाक न दाबता ओलांडते, पण त्या रुमालाची मला किळस आली.

युरानिसने झाकलं नाही. "मावशी, ही पट्टी काढून टाक."

"आत्ता?"

"कार्निवललाही नको."

"वेड लागलं का?" एफ्राइन रुमालातूनच बोलला. "गाडीवर उभी राहून हे दाखवणार? किळस येईल लोकांना."

"येऊ दे. मला चार महिने येतेय."

तो माझ्याकडे वळला. "नीवेस, पट्टीला कात्री लावलीस तर पुढच्या वर्षी दुसरी शिंपीण बघेन."

"बघ," मी म्हटलं. "आणि तिला आधीच सांग, शिवण्याआधी काय काय कापावं लागतं ते."

मी कात्री उचलली. युरानिस आरशासमोर हात वर करून उभी राहिली, नाचाला राहते तशी. पात्याचं टोक पट्टीला टेकलं आणि मी थांबले. इतक्या महिन्यांत तिला कुणी विचारलं नव्हतं, ते मी पहिल्यांदा विचारलं.

"कुठे कापू, पोरी?"