पाठ

आमच्या फुटबॉल क्लबने त्या एका सामन्याला बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, तेव्हा सगळ्यात जास्त थयथयाट केला तो माझ्या धाकट्या भावाने. सभासदांच्या सभेत उभा राहून असा काही बोलला की सेक्रेटरी बिचारा पाण्याचा पेला शोधू लागला. मी मागच्या रांगेत बसले होते. मी क्लबमध्येच काम करते, कपड्यांच्या खोलीत. खेळाडूंचे शर्ट-मोजे धुणं, वाळवणं, इस्त्री करणं, गुडघ्यावरचे गवताचे डाग थंड पाण्यात ब्रशने घासून काढणं, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे सभेत मला तोंड उघडायची सोय नव्हती. घरी आल्यावर मात्र मी त्याला सोडला नाही.

बंदीला कारण होतं. आदल्या वर्षी पिवळ्यांबरोबरच्या सामन्यात जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि एका पोराचा पाय मोडला. आम्ही निळे, ते पिवळे. शहर एकच, पण त्या एका दिवशी बघाल तर वाटेल, दोन देशांची लढाई चाललीय. माझ्या भावाचं सांगते. एकदा कामावरून येताना धो धो पाऊस लागला, दुकानात एकच छत्री शिल्लक होती आणि ती निघाली पिवळी. हा गडी भिजत घरी आला, आठ दिवस तापाने फणफणला, पण पिवळ्या छत्रीखाली उभा राहिला नाही. भावजय आजही हे सांगून हसवते. म्हणजे तेव्हा हसवायची.

एरवी माणूस सोन्यासारखा, मी बहीण म्हणून सांगत नाही. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करतो. दहा वेळा तपासल्याशिवाय दार उघडू देत नाही. मुलगी तर तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. ती गॅलरीच्या कठड्याला नुसती टेकली तरी हा ओरडायचा. आणि हाच माणूस तिला चार वर्षांची असल्यापासून त्या सामन्याला खांद्यावर बसवून न्यायचा.

सभेत त्याने मुद्दा मांडला होता तो असा, की पोरं समोर असली की माणसं जिभेला लगाम घालतात. हात उचलताना इकडे तिकडे बघतात. पोरांना घरी बसवलंत तर या स्टँडमध्ये उरेल काय, नुसता राग. मी त्याला म्हटलं, मोठ्यांना आवरायला लहान पोरं पुढे करायची, ही कुठली रीत? त्यावर तो म्हणाला, ताई, तू कपडे धू. मीही चिडले आणि दोन दिवस बोलले नाही. आज वाटतं, आम्ही दोघंही खरं बोलत होतो आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

आता आमची ती पाठ फिरवायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पिवळे मैदानात यायला निघाले की आमचा अख्खा स्टँड त्यांच्याकडे पाठ फिरवतो. हजारो माणसं, एका क्षणात. तुमचं तोंडसुद्धा बघणार नाही, असा त्याचा अर्थ. आमचे वडील करायचे, आम्ही भावंडं बाकावर उभं राहून करायचो, मोठी गंमत वाटायची. मग कधीतरी पाठ केल्या केल्या डोक्यावरून मागे काहीतरी भिरकावायची टूम निघाली. आधी शेंगांची टरफलं, कागदाचे बोळे. न बघता टाकायचं, हे महत्त्वाचं. कुणी नेम धरला नाही म्हणजे कुणी मारलं नाही, असा सगळा हिशेब. एखाद्याने जड काही काढलं तर शेजारचा म्हणायचा, अरे बाबा, पोरं आहेत इथे, ठेव ते खिशात. भिंगरीही खांद्यावरून कागदाचे बोळे टाकायची आणि घरी येऊन मला करून दाखवायची.

बंदी झाली, पण एका बाजूने पळवाट ठेवूनच. सामन्याआधी खेळाडू एकेका मुलाचा हात धरून मैदानात येतात ना, ती बावीस मुलं चालतील म्हणाले. त्या मुलांचे शर्ट जाहिरातवाल्या कंपनीचे, त्यावर तिचं नाव, ते कोण सोडणार? मी मॅनेजरला विचारलं, स्टँडमध्ये मूल बसलं तर धोका आणि त्याच स्टँडसमोरून चाललं तर नाही, हे कसं? तो म्हणाला, मैदान वेगळं, स्टँड वेगळा, मैदान आपल्या ताब्यात असतं. नाकाने कांदे सोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

भिंगरी क्लबच्या फुटबॉलच्या वर्गाला जायची. तिथे चिठ्ठ्या टाकल्या आणि तिची निघाली. निघाली ती पिवळ्यांच्या बाजूने. पाहुणे आपली मुलं आणत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंची मुलं आमच्याच वर्गातली. कुणाला तरी पिवळा शर्ट घालावाच लागतो. पोरगी आधी रडली, मग तिने विचार केला आणि आईला म्हणाली, बाबाला सांगायचं नाही. तो स्टँडमध्ये बसलेला असेल आणि मी एकदम समोरून येईन. भावजयीला कल्पना आवडली. बंदी आल्यापासून नवरा तोंड पाडून बसलेला, पोरीला सामन्याला न्यायचा शब्द मोडला म्हणून स्वतःवरच चिडलेला. तिला वाटलं, चला, दोघांचंही मन राखलं जाईल. बाबाला कळलं तर पिवळा शर्ट अंगाला लावू देणार नाही, हेही होतंच म्हणा.

मला हे कळलं ते त्या दिवशी दुपारी. मुलांना कपडे घालायचं काम माझंच. रांगेत भिंगरी दिसली आणि मी चाटच पडले. मला वाटलं, भावाला माहीत असणार, त्याने मोठ्या मनाने होकार दिला असणार, आणि मला बरं वाटलं. पोरीने शर्ट वर करून दाखवला, आत निळं बनियन घातलं होतं. म्हणाली, आत्या, आतून मी आपलीच आहे. मी हसले आणि तिच्या गालाला चिमटा काढला. मग सगळ्या मुलांना बजावलं की माना खाली घाला, गवताकडे बघत चाला आणि हात सोडू नका. हे दरवर्षीच सांगावं लागतं.

मी बोगद्याच्या तोंडाशी उभी होते. आमचा स्टँड बरोबर त्याच्या वर. भावाची जागा खालून तिसऱ्या रांगेत, वर्षानुवर्षं तीच. पिवळे निघाले. वर एकदम धडधड झाली, सगळे एकदम वळले की बाक वाजतात तशी. आणि मग वरून पडायला लागलं. दरवर्षी टरफलं पडतात, त्याचा आवाज होत नाही. या वर्षी आवाज झाला. टणटण, टपटप, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. एकही पोर स्टँडमध्ये नव्हतं. कुणी कुणाला ठेव म्हणणार नव्हतं.

बाकीची दहा मुलं मान खाली घालून चालली. भिंगरी मागे वळून वर बघत होती.

पिवळ्यांच्या कॅप्टनने तिला उचलून आत आणलं. तिच्या तोंडावर त्याचा हात होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. डॉक्टर आले, दार लावलं. तो कॅप्टन दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला, चल म्हणाले तरी उठेना, शेवटी दोघांनी दंडाला धरून मैदानात नेला.

मी भावाला फोन लावला. वर स्टँड हसत होता, शिट्ट्या मारत होता. सामना सुरू व्हायला उशीर झाला म्हणून त्यांना वाटलं, पिवळे रडीचा डाव खेळतायत. भाऊ फोनवर ओरडून म्हणाला, अगं ताई, काही ऐकू येत नाहीये, पिवळ्यांचं नाटक चाललंय इथे. त्याचा आवाज इतका खुश होता.

मी म्हटलं, "भिंगरी आहे ती."

तो म्हणाला, "कोण?"

मी पुन्हा सांगितलं. मग फोनमध्ये नुसता स्टँड ऐकू येत राहिला.

सामना झाला. थोडा उशिरा सुरू केला, पण झाला. आपण जिंकलोसुद्धा.

उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी संध्याकाळीच सांगितलं, आडवळणाने नाही, सरळ. भावजय भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. भाऊ हॉस्पिटलच्या कॉरिडॉरच्या टोकाला उभा होता. मी जवळ गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, मीपण टाकलं होतं."

काय टाकलंस, विचारलं तर म्हणाला, टॉर्चचे सेल. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना लागतो तो टॉर्च, त्यातले संपलेले सेल खिशातच होते. दोन टाकले. मी विचारलं, याआधी कधी सेल टाकले होतेस? नाही म्हणाला. याआधी पोरगी खांद्यावर असायची.

दुसऱ्या दिवशी तो क्लबमध्ये आला आणि म्हणाला, मैदानातून गोळा केलेलं कुठे ठेवलंय ते दाखव. झाडणाऱ्यांनी ते माझ्या खोलीतल्या बादलीत ओतून ठेवलं होतं. त्याने लादीवर सगळं पसरलं आणि गुडघ्यावर बसून एकेक उचलून बघत राहिला. नाणी होती, बाटल्यांची झाकणं, कुलूप, नट-बोल्ट, आणि सेल तर मूठ मूठ. त्याच्याकडचे होते तसलेच सगळे, प्रत्येक दुकानात मिळणारे. एखाद्यावर तरी खूण सापडेल, हा माझा नाही म्हणता येईल, अशी त्याची आशा. मी म्हटलं, ऊठ रे, यातून काही निघायचं नाही. तो म्हणाला, एवढंच सांग की माझा नव्हता. मी कशाच्या जोरावर सांगणार? पोलीसही येऊन गेले होते. त्यांनी विचारलं, कुणी बघितलं का? बघितलं कोण असणार? सगळ्यांच्या पाठी होत्या.

तक्रार कर, क्लबवर खटला भर, असं शेजारीपाजारी सांगून गेले. हा नुसता ऐकून घ्यायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाची? तिकडे कमिटी बसली आणि ठराव झाला की पुढच्या वर्षापासून त्या सामन्याला मैदानातही मुलं नकोत. बैल गेला आणि झोपा केला. आणि तो केलाही कुणासाठी, तर पोरांसाठी. स्टँडमधल्या मोठ्यांना कुणी काही बोललं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मीही त्या क्लबची नोकरी सोडली नाही, मुलांचे ते पिवळे शर्ट धुऊन वाळत घातले. रागाने माझं डोकं फुटेल असं वाटायचं आणि हात आपले इस्त्री फिरवत राहायचे.

भिंगरीचा ताप उतरला तसा तिने बोलायला सुरुवात केली. डोळ्याविषयी तिने फार विचारलं नाही, भावजयीने सांगितलं तेवढं ऐकून घेतलं. भाऊ रोज कामावरून सरळ तिच्याजवळ यायचा, स्टुलावर बसायचा आणि तिचा हात हातात घ्यायचा. आम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं की सेलचं तिच्या कानावर कधीच जाऊ द्यायचं नाही. तेवढं एकच वाचवण्यासारखं उरलं होतं, तिच्या मनातला तिचा बाबा.

त्या दिवशी मीही होते. नर्स पट्टी बदलून गेली. भिंगरी उशीला टेकून बसली आणि तिने विचारलं, "बाबा, मी चालताना कशी दिसत होते?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे सांग काहीतरी चांगलं. तो म्हणाला, "एकदम ऐटीत. मी सगळ्यांना सांगत होतो, बघा, माझी पोरगी आली."

ती म्हणाली, "खोटं नको ना बोलूस. तू पाठ केली होतीस."

भावजयीने हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"मला दिसलास तू. तुझी पाठ मला ओळखू येते. आत्याने खाली बघा सांगितलं होतं, पण मी तुला हाका मारत होते. तू वळशील असं वाटलं." तिने त्याचा अंगठा धरून हलवला. "मग तू हात वर केलास, असा, मागे. मला आधी वाटलं, मलाच हात दाखवतोयस."

भावाने मान खाली घातली. भावजय दाराकडे बघत राहिली. पोरीला वाटलं, बाबाला वाईट वाटतंय, आपण उगाच बोललो. ती लगेच सरसावून बसली आणि मोठ्या माणसाने समजूत घालावी तशी म्हणाली, "अरे, तुझी काय चूक त्यात? मी पिवळ्यांत होते ना. मी वर असते तर मीपण टाकलं असतं."

तिचा हात त्याच्या हातात होता. तो त्याला धरवेनाही आणि सोडवेनाही.