चौथीच्या वर्गातला खडखड्या

मित्रांनो, मी एक जुना छताचा पंखा आहे. छताचा म्हणायचा, पण सध्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या पायांशी पडून आहे. फार थकलो आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी पाती पांढरीशुभ्र होती. चौथीच्या वर्गात मला टांगले, कळ दाबली, आणि मुले माना वर करून पाहत राहिली. बाई म्हणाल्या, "चालू आहे की नाही तेच कळत नाही, इतका शांत." एवढे कौतुक पुन्हा कधी वाट्याला आले नाही. उन्हाळे आले आणि गेले, मी फिरत राहिलो. फिरतोय ना, मग बघायचे कशाला, असा सगळ्यांचा हिशेब. तेलाचा थेंब कोणी दाखवला नाही. आधी मी कुरकुरलो, मग खडखडू लागलो. मुलांनी माझे नाव खडखड्या ठेवले.

बाई दरवर्षी एक धडा जीव तोडून शिकवत. आपले म्हणणे लिहून दुसऱ्याला पटवून कसे द्यायचे, त्याचा. "आधी काय हवंय ते सांगा. मग कारण द्या. पण कारण असं, की समोरच्याला ते डोळ्यांपुढे दिसलं पाहिजे. नुसतं रडगाणं नको." मुले माना डोलवत आणि रडगाणेच लिहीत. सुट्टी द्या, नाहीतर आम्ही आजारी पडू. गृहपाठ बंद करा, नाहीतर आमचे डोळे जातील. ऐकून ऐकून माझे कान किटले. वह्या तपासून बाईही दमलेल्या दिसत.

यंदा बाईंनी विषय म्हणून मलाच निवडले. पंख्याचे काय करावे, ते मुख्याध्यापिकांना पटवून द्या. मुख्याध्यापिका स्वतः ऐकायला येऊन बसल्या. माझा जीव टांगणीला लागला.

ज्याला सगळे वकील म्हणत, तो मुलगा आधी उठला. "हा पंखा एक दिवस पडेल आणि आमची मुंडकी उडवेल."

वर्ग हसला. मुख्याध्यापिकांनी वर पाहिले. "इतकी वर्षं पडला नाही तो. बस खाली."

मग शेवटच्या बाकावरची चिमणी उठली. आवाज बारीक, म्हणून हे नाव. तिचे ओठ हलले.

"मोठ्याने वाच," बाई म्हणाल्या. ओठ पुन्हा हलले. "अगं, काही ऐकू येत नाहीये."

वर्षभर असेच चालले होते. दोनतीनदा विचारून झाले की ती गप्प खाली बसायची. आज बसली नाही. कागद घेऊन भिंतीपाशी गेली आणि तिने माझी कळ बंद केली.

मी थांबलो. वर्गात उकडू लागले. आणि तिचा आवाज ऐकू आला, मला तर पहिल्यांदाच.

"पंखा काढू नका. त्याला तेल घाला. बाई विचारतात तेव्हा मी उत्तर देते. मला येत असतं. पण ते पुढच्या बाकापर्यंत पोचतच नाही. पंखा बंद केला तर सगळे माझ्यावर चिडतात. मला वारापण हवाय आणि बोलायचंपण आहे."

कोणी हसले नाही. बाईंनी हळूच विचारले, "म्हणजे तुला सगळं येत होतं?" चिमणीने होकारार्थी मान हलवली.

"पटलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "उद्याच वायरमनला बोलावते."

वायरमन आला, शिडीवर चढला, त्याने मला हाताने फिरवून पाहिले. "आता तेल घालून उपयोग नाही, बाई. आतलं सगळं झिजलंय. वेळेवर घातलं असतं तर अजून कितीतरी वर्षं चालला असता." त्याने मला उतरवले.

माझ्या जागी नवा पंखा आला. चालू आहे की नाही तेच कळत नाही, असे मुले त्याला म्हणतात. मित्रांनो, मलाही असेच म्हणत. एखादी वस्तू मुकाट्याने काम करते म्हणून तिला काही नको असते, असे समजू नका. ती कुरकुरते तेव्हाच तिच्याकडे पाहा, खडखडेपर्यंत थांबू नका. माझी बाजू मांडणारी मिळाली, पण उशिरा मिळाली, याचे वाईट वाटते.

ही खोली चौथीच्या वर्गाला लागूनच आहे. आत्ताच बाईंनी काहीतरी विचारले. भिंतीपलीकडून एक बारीक आवाज आला. शब्दन् शब्द ऐकू आला मला. उत्तर बरोबर होते.