पुतळाबाईंची वाट मी नकाशात घातली

कौस्तुभला माझ्याकडून काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणाला त्याची उगाच दया यायला नको. मुंबईच्या प्रवास कंपनीत तो तिकिटं टाइप करायचा, त्याऐवजी वेबसाइट विभागातली खुर्ची. वर्तमानपत्रात फोटो. आणि "विरारला बघण्यासारखं आहे तरी काय?" असं दर दिवाळीला विचारणारा त्याचा साडू परेश, त्याचं बंद होणारं तोंड. त्याचा जीव सगळ्यात जास्त या तोंडावर होता.

मी त्याचा जुना संगणक, मित्रांनो. जाड काचेच्या पडद्याचा, सुटे भाग जोडून तयार केलेला. २००६ साली विरारला, बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा कौस्तुभच्या बायकोने, लतिकावहिनींनी, मला हळदकुंकू वाहिलं आणि क्रोशाचं झाकण विणलं. पहिली दोन वर्षं माझं कौतुक देव्हाऱ्याच्या खालोखाल होतं.

मग कौस्तुभने 'पायी वसई' ही वेबसाइट बांधायला घेतली. कल्पना चांगली होती, तेवढं श्रेय देतो. वाटाड्या नको, बस नको. हाताशी किती तास आहेत आणि काय बघायचंय ते निवडायचं. पडद्यावर वाट, खुणा आणि माहिती येणार. कागदावर छापून घ्या आणि आपापले फिरा. किल्ला, देवळं, चर्चेस, केळीच्या वाड्या, सगळं त्यात होतं. प्रत्येक वाटेपुढे एक रकाना होता आणि त्यात पर्याय दोनच: 'खुली' किंवा 'बंद'.

निर्मळ गावात पुतळाबाईंच्या वाडीतून एक वाट जाते. बसथांब्याला ती दहा मिनिटांत पोचवते, रस्त्याने गेलं तर अर्धा तास. कौस्तुभने कुंपणाशी उभं राहून विचारलं होतं, "मावशी, इथून जाता येतं का?" त्या म्हणाल्या, "जा की! कोन अडवतंय?" वर चार केळीही दिली. कौस्तुभने घरी येऊन 'खुली' निवडलं. मीही मुकाट्याने लिहून घेतलं.

वेबसाइट सुरू झाली आणि कंपनीच्या मालकाला काम आवडलं. तो पंधरा दिवसांनी स्वतः येऊन या वाटेने फिरणार होता, मग खुर्चीचं ठरणार होतं. त्याच्या आधीच एका दुपारी पुतळाबाई बोळिंजला आल्या. हातात छापलेला कागद. तळाशी कौस्तुभने हौसेने घातलेलं स्वतःचं नाव आणि पत्ता.

"हा तूच ना रे?"

"या मावशी, बसा. पाणी आणतो."

"पानी नको तुझं. माझ्या पान्याच्या पाटावरून चाळीस मानसं गेली रविवारी. पाट फुटला, मोगऱ्याची ओळ कुजली. एक बाई तळ्यात पाय सोडून बसलेली, मलाच म्हनते, खुली वाट हाय!"

"पण तुम्हीच म्हणालात ना, कोण अडवतंय?"

"तुला म्हनाले. तू हाक मारलीस म्हनून. रेजिना चाळीस वर्सं बसला जाते माझ्या वाडीतून, डोक्यावर भाजीची टोपली. गुडघे गेलेत तिचे. तरी रोज कुंपनाशी थांबून म्हनते, 'पुतळे, जाते गो.' मी जा म्हनले की मगच पाय टाकते. तुझी मानसं हाक मारत नाहीत, कागद बघतात. काढ ती वाट. नाहीतर मी काट्यांचा कूड घालून वाटच बुजवीन."

"मग रेजिनाबाई कुठून जातील?" वहिनींनी विचारलं.

"तेच सांगते बाय. तिच्यासाठी फट ठेवली, की याचा कागद तिथून शिरलाच."

"काढतो मावशी, नक्की," कौस्तुभ म्हणाला. त्या गेल्या. वहिनी म्हणाल्या, "अहो, मग काढा ना. दोन मिनिटांचं काम."

"साहेब येऊन जाऊ दे गं. वाडीच तर दाखवायचीय. आणि कूड घातलाच, तर रेजिनाबाई रस्त्याने जातील. वय झालं की माणसाने चालावंच, डॉक्टर सांगतात."

मालक आला. कौस्तुभने कुंपणाशी उभं राहून मोठ्याने हाक मारली, "मावशी, जाऊ का?" पाहुण्यांसमोर पुतळाबाईंना नाही म्हणवलं नाही. मालक खूश. म्हणाला, "ही हाक फार गोड आहे हो. कागदावर घाला!" त्या संध्याकाळी माझ्या कळा बडवून कौस्तुभने टाकलं: 'कुंपणाशी उभे राहून "पुतळे, जाते गो" अशी हाक मारा. मजेशीर अनुभव.'

पुढच्या रविवारी माणसं कुंपणाशी उभी राहून हाका मारत होती. बाप्ये बायकी आवाज काढून, पोरं वेडावून, एक जण फोनवर रेकॉर्ड करत. पुतळाबाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. सोमवारी त्यांनी काटेरी कूड घातला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाट सापडत नाही अशा तक्रारी आल्या, तेव्हा कौस्तुभने 'खुली' पुसून 'बंद' केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. तोवर खुर्ची मिळाली होती.

पुढे सपाट पडद्याचा नवा संगणक आला आणि मी माळ्यावर गेलो. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, तुम्ही नव्या यंत्रांत आपलं गाव भराल तेव्हा एवढं करा: कोणाच्या दारातून जाणारी वाट लिहिण्याआधी तिथे कोण, कसं, कोणाला विचारून चालतं ते बघा. आणि रकान्यात ते मावत नसेल तर वाट लिहूच नका. आम्ही यंत्रं हट्ट करत नाही.

बाकी कोणाच्या वाट्याला काय आलं ते सांगतो. कौस्तुभचा फोटो छापून आला, परेश गप्प बसला. पुतळाबाईंनी मोगरा पुन्हा लावला. वहिनी ओशाळून निर्मळला जाऊन आल्या, त्यांनी येऊन सांगितलं: रेजिना आता रोज रस्त्याने जाते, मध्ये दोनदा टोपली उतरवून बसते. पहिली बस तिला मिळत नाही. तिने संगणक कधी पाहिलेलाही नाही, आणि किंमत सगळी तिने भरली.