सोळा मीटरवरचा जोड

सुपडूआबांनी तेहतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी शिरपुरात लाईट गेली की गल्लीतली माणसं आधी त्यांच्याच दाराशी येत. त्यामुळे सून मोहिनीनं परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन बसवायचं ठरवलं, तेव्हा केबल टाकायला बाहेरचा माणूस बोलवायचा प्रश्नच नव्हता.

मोहिनी माहेरची रावेरची. सुरतेचा एक व्यापारी तिला साड्यांवरची नक्षी कॉम्प्युटरवर पाठवणार होता. म्हणजे शेडमध्ये लाईट हवी, तसं नेटही हवं. घरातलं वायफाय लिंबाच्या झाडापर्यंत पोचे. पत्र्याच्या आत काही शिरेना.

आबांनी चार दिवस खपून चर खणला. अडीच फूट खोल. तळाला वाळू, तिच्यावर लाईटची जाड केबल, पुन्हा वाळू आणि वर विटांची ओळ; उद्या कोणी कुदळ मारलीच तर आधी वीट लागावी. शेडला वेगळं अर्थिंग दिलं. हातभर अंतर सोडून दुसरा पाईप, त्यात नेटची तार.

ती तार सोळा मीटरची होती. लिंबाच्या मुळ्या वाचवायला चर वळवावा लागला आणि तार कमी पडणार असं दिसू लागलं. मुलगा समाधान नरडाण्याला ड्युटीवर निघताना म्हणाला, "आबा, कमी पडनी ते सांगा. मी नवी लई येसू."

"तार ते तार शे," आबा म्हणाले. "तिले काय शिंगं ऱ्हातस?"

दुपारी घरातलाच एक उरलेला तुकडा त्यांनी सोलला. आत शेवयांसारख्या आठ तारा. निळ्याला निळी जोडली, नारंगीला नारंगी. पण चार तारा पांढऱ्या निघाल्या. त्यांच्यावर रंगाची पुसट रेघ होती, ती चष्म्याशिवाय दिसली नाही. हाताला येतील तशा त्यांनी त्या पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली, जोड पाईपात सरकवला आणि माती ओढली. कोणाला सांगितलं नाही.

शेडमध्ये लाईट लागली. मशीन फिरलं. नेट मात्र येईना. दोन दिवस मोहिनी लिंबाखाली स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिनं बाजारपेठेतून भूमिकाला बोलावलं. ही मुलगी दुकानांमध्ये कॅमेरे आणि नेट बसवून द्यायची.

भूमिकानं तारेच्या घराकडच्या टोकाला एक छोटं यंत्र लावलं. "सोळा मीटरवर दोन तारा तुटल्यात. मध्ये जोड आहे का कुठे?"

"जोड कशाला असेल?" मोहिनी लगेच म्हणाली. "आबांनी स्वतः टाकलीय. उंदरानं कुरतडली असेल."

आबांना वाटलं, उंदीर तर उंदीर. परसात उंदीर काही कमी नव्हते. पण भूमिकानं मोजपट्टी धरून अंतर मोजलं आणि बरोबर त्या जागी दगड ठेवला. माती काढून पाईप कापला की काळी टेप दिसणार होती, लाईनमनच्या हातची, घट्ट, एक सुरकुती नसलेली. ती उंदराच्या नावावर खपली नसती.

आबांनी फावडं उचललं. "तू ऱ्हाऊ दे, पोरी. तठे जोड शे. मीच मारेल शे."

मोहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. "मग मला का नाही सांगितलं, आबा?"

"तू हासशी म्हनीसन."

मोहिनी हसली नाही. भूमिका थोडीशी हसली. मग तिनं समजावून सांगितलं, की या तारा जोडीजोडीनं वळलेल्या असतात, वळ मोडला की आतला निरोप बिघडतो, खांबावरचा हिशोब इथं लागत नाही. दोघांनी जुन्या तारेच्या टोकाला नवी अखंड तार बांधली आणि पाईपातून ओढून घेतली; जोड जुन्या तारेबरोबर बाहेर आला.

शेवटचं टोक बसवायच्या वेळी आबा चष्मा घेऊन आले. "रंग कसा लावतस, ते सांग."

पहिल्या खेपेला यंत्रावर सातच दिवे लागले. टोक कापून त्यांनी पुन्हा बसवलं. आठही लागले.

संध्याकाळी समाधाननं विचारलं तेव्हा मोहिनी एवढंच म्हणाली, "तार कमी पडली होती, नवी टाकली." ऐकून आबांना बरं वाटलं, आणि जरा वाईटही. जेवायला बसल्यावर त्यांनी स्वतःच मुलाला खरं काय ते सांगितलं.

"मी सांगेल व्हतं ना," समाधान म्हणाला आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.